माळावर हॅरियरची संध्याकाळची मोजणी: नेमकी कुठं चुकते आणि कशी करायची

सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची यात्रा संपली, ज्वारी काढणीला आली की दरवर्षी मला हॅरियरबद्दल (म्हणजे भोवत्या, थंडीत इथं येणारा शिकारी पक्षी) फोन यायला लागतात, "आज आमच्या माळावर ऐंशी हॅरियर बसले", आणि त्याच माळावर त्याच संध्याकाळी उभा असलेला दुसरा माणूस पस्तीस सांगतो. दोघंही खोटं बोलत नसतात. एकानं उडणारे मोजलेले असतात, दुसऱ्यानं बसणारे. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितोय. मी सोलापूरच्या आसपासचा, म्हणजे नान्नज, मारडी, अकोलेकाटी, वडाळा या बाजूचा माळ डोळ्यासमोर ठेवून लिहितोय पण पद्धत कुठल्याही गवताळ माळाला लागू पडते.

आपल्याकडं डोंगराच्या टोकावर बसून वरनं जाणारे शिकारी पक्षी मोजायचे म्हटलं तर तुळजापूरच्या बाजूला बालाघाटची कड आहे, पण तिथनं पक्षी ठराविक वाटेनं रांगेत जात नाहीत, दिवसभर बसून पाच-दहा दिसतात. आपल्याकडं पक्षी एकत्र सापडतात ते रात्रीच्या मुक्कामाला, गवतात, जमिनीवर. हॅरियर झाडावर झोपत नाही. कझाकस्तान, रशियाकडनं आलेले हे पक्षी सप्टेंबर-ऑक्टोबरपासून इथं असतात आणि फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्च-एप्रिलपर्यंत परत जातात. ते कधी आणि किती गेले हे कळायचं असेल तर मुक्कामाची मोजणी हाच खात्रीचा मार्ग आहे.

एक वाक्य आधीच डोक्यात पक्कं करा: उडणारा पक्षी मोजायचा नाही, गवतात उतरलेला मोजायचा. बाकी सगळं यातनंच निघतं.

## १. मुक्काम शोधणं (याला तीन-चार संध्याकाळी द्या)

बरेच जण जिथं दुपारी हॅरियर दिसला तिथंच संध्याकाळी जाऊन बसतात. दुपारी तो शिकार करत असतो, मुक्काम तिथनं पाच-सात किलोमीटर लांब असू शकतो.

पाच-सव्वापाचला रस्त्याकडेला मोकळ्या जागी थांबा. हॅरियर शिकार करताना जमिनीलगत वेडावाकडा, मागं फिरून परत येत उडतो, पण मुक्कामाकडं निघाला की सरळ, एका दिशेनं, थोडा वरनं जातो. ती दिशा कागदावर रेघ मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जागेवरनं तेच करा. दोन-तीन रेघा जिथं एकमेकींना कापतात तिथं जवळपास मुक्काम असतो, बहुतेक वेळा गुडघ्याएवढं ते मांडीएवढं कुसळी गवत असलेला, वर्दळ नसलेला तुकडा.

आणि मेंढरं घेऊन फिरणाऱ्या मामांना विचारा. मला सगळ्यात चांगला मुक्काम असाच कळला. मी दुर्बीण लावून उगाच पूर्वेकडं बघत होतो, मागनं एक मामा आले, घोंगडं खांद्यावर, "काय बघलालाव ओ?" म्हणाले. सांगितलं तर काठीनं उलट्या दिशेला दाखवलं, "ती पांढरी लांब पंखाची व्हय, ती तिकडं वढ्याच्या पल्याड बसत्यात की, कुत्रं गेलं की समदी उठत्यात." खरंच तिथंच होते.

सावधान: मुक्काम सापडला म्हणून बघायला गवतात शिरू नका, दिवसासुद्धा नको. गवत तुडवलं की वाट पडते, त्या वाटेनं कुत्री जातात. शिवाय घोणस आणि फुरसं याच गवतात असतं.

## २. परवानगी आणि जागामालक

अभयारण्याच्या हद्दीत मोजायचं असेल तर वनविभागाची परवानगी आधी काढा, आणि सूर्यास्तानंतर थांबणार आहोत हे अर्जात स्पष्ट लिहा, कारण नेहमीची परवानगी दिवसाची असते आणि आपलं खरं काम अंधार पडतानाच असतं. वनरक्षकाला तारीख, गाडी नंबर, किती जण हे सांगून ठेवलेलं बरं. खाजगी माळ असेल तर मालकाला भेटा, गायरान असेल तर गावात कुणाला तरी कल्पना द्या. अंधारात माळावर बसलेली अनोळखी माणसं बघून गावकऱ्यांना शंका येणारच, त्यात त्यांची चूक नाही.

## ३. सामान

- दुर्बीण ८×४२ ची. लोक १०×५० किंवा त्याहून जास्त ताकदीची आणतात, ती हातात हलते आणि तिच्यातनं एका वेळी दिसणारा भाग लहान होतो. संधिप्रकाशात आपल्याला उजेड आणि रुंद दृश्य पाहिजे, मोठं चित्र नाही. गड्ड्यात मिळते ती खेळण्यातली कामाची नाही.
- मोजायचं यंत्र दोन. देवळाबाहेर जप करायचं बोटात घालायचं छोटं काउंटर मिळतं ना, पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट कुठंही, तेच. एक उजव्या हातात "बसला" साठी, एक डाव्या हातात "उठला" साठी. दोन वेगळ्या रंगाची घ्या.
- मोबाईल, फक्त आवाज रेकॉर्ड करायला. लिहायला मान खाली घातली की तेवढ्यात तीन पक्षी बसून जातात.
- घड्याळ, वही, पेन्सिल, आणि लाल जिलेटिन कागद लावलेली बॅटरी.
- मळकट रंगाचे कपडे, पायात बूट आणि वरनं गुडघ्यापर्यंत जाड कापड गुंडाळा. कुसळी एकदा मोज्यात घुसली की तासभर दुसरं काही सुचत नाही, आणि माणूस खाली वाकून कुसळं काढत बसतो नेमका मोजायच्या वेळेला.
- पाणी, छोटं स्टूल.

निघण्याआधी तपासा: दोन्ही काउंटर शून्यावर आहेत का, मोबाईलचं घड्याळ आणि साथीदाराचं घड्याळ मिनिटाला जुळतंय का.

## ४. बसायची जागा

इथं सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून जरा थांबून वाचा.

सगळ्यांना वाटतं जेवढं उंच तेवढं चांगलं. पहिल्या तासाला खरंय, टेकाडावरनं लांबनं येणारे पक्षी आधी दिसतात. पण सूर्य बुडाला की चित्र उलटं होतं. हॅरियर तेव्हा गवताच्या टोकाला घासून उडत असतो, तुम्ही उंचावर असाल तर त्याच्या मागं तुम्हाला काळपट जमीन दिसते आणि पक्षी त्यात विरघळून जातो. तुम्ही खाली बसलेले असाल तर त्याच पक्ष्याच्या मागं उजळ आभाळ येतं आणि काळी आकृती स्वच्छ दिसते. त्यामुळं मुक्कामापेक्षा फक्त पुरुषभर उंच असा माळाचा चढ निवडायचा, मोठी टेकडी नको, आणि शेवटच्या वीस मिनिटांत स्टूलवरनं उतरून सरळ जमिनीवर बसायचं. विश्वास बसत नसेल तर एकदा उभं राहून आणि एकदा बसून बघा, फरक लगेच कळतो.

दिशेचं पण असंच. सूर्य असेपर्यंत तो पाठीशी हवा, म्हणजे रंग दिसतात, म्हणजे तुम्ही मुक्कामाच्या पश्चिमेला. सूर्य बुडाल्यावर उजेड पश्चिमेच्या आभाळात उरतो, तेव्हा पश्चिमेकडं तोंड करून बसलेल्याला जास्त दिसतं, म्हणजे तुम्ही पूर्वेला हवेत. दोघं असाल तर एक पश्चिमेला (तो जाती ओळखणार) आणि एक पूर्वेला (तो आकडा मोजणार) असं वाटून घ्या. एकटे असाल तर उत्तरेला किंवा दक्षिणेला बसा, दोन्ही थोडं थोडं मिळतं. सूर्यास्तानंतर मध्येच उठून बाजू बदलायला जाऊ नका, चालणारा माणूस दिसला की बसलेले उठतात.

अंतर निदान २५०-३०० मीटर. पक्षी तुमच्या डोक्यावरनं वळून लांब जायला लागले, किंवा उतरता उतरता परत वर उचलले जाताहेत असं दिसलं तर तुम्ही जास्त जवळ आहात, त्या दिवशीची मोजणी सोडा आणि पुढच्या वेळी मागं सरका. गाडी नेता येत असेल तर गाडीतच बसणं उत्तम, गाडीला ते माणसापेक्षा कमी बिचकतात.

मग मुक्कामाची हद्द ठरवा. डावीकडची बाभळ, उजवीकडचा विजेचा खांब, मागचा बांध, अशा पक्क्या खुणा. वहीत कच्चा नकाशा काढा. हद्द ठरलेली नसली की प्रत्येक आठवड्याला तुमचा मुक्काम लहान-मोठा होत राहतो आणि आकडे एकमेकांना लागत नाहीत.

## ५. वेळ

सोलापुरात फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य साधारण ६.२७ ला बुडतो, मार्चच्या सुरुवातीला ६.३१, मार्चअखेर ६.४०. त्याच्या सव्वा तास आधी जागेवर बसलेलं पाहिजे आणि सूर्यास्तानंतर निदान चाळीस मिनिटं हलायचं नाही.

उशिरा पोचलात तर आधीच उतरलेले पक्षी कायमचे हुकतात, कारण गवतात बसलेला हॅरियर दिसत नाही. आणि लवकर उठलात तर काय होतं? सूर्य बुडाला, आभाळ केशरी झालं, फोटो काढून झाले की बहुतेक जण निघतात आणि नेमकं तेव्हाच एकामागनं एक पक्षी यायला लागतात.

## ६. प्रत्यक्ष मोजणी

पहिला टप्पा, जमवाजमव. हॅरियर येतात पण लगेच मुक्कामात उतरत नाहीत. जवळच्या नांगरलेल्या काळ्या रानात, ढेकळांवर, बांधावर नुसते बसून राहतात. ज्वारी निघालेली रानं यासाठी त्यांना फार आवडतात. हे पक्षी मोजायचे नाहीत, फक्त रेकॉर्डिंगमध्ये बोलून ठेवा, "५.५०, दक्षिणेच्या रानात ७ बसलेत." जाती ओळखायचं काम मात्र याच वेळी उरका, पुढं उजेड राहत नाही.

दुसरा टप्पा, उतरणं. पक्षी हद्दीत आला, घिरट्या घातल्या, पाय खाली सोडले, पंख वर धरले आणि गवतात नाहीसा झाला. नाहीसा झाल्यावर मनात तीनपर्यंत म्हणा. वर आला नाही तरच उजव्या हाताचं बटण. हे तीन आकडे फार महत्त्वाचे आहेत, कारण बरेच पक्षी पहिल्या वेळी टेकून लगेच परत उठतात.

बसलेला पक्षी उठला तर:
- उठला आणि तुमच्या नजरेसमोरच हद्दीत परत बसला: कुठलंच बटण नाही.
- उठला आणि हद्दीबाहेर गेला: डावं बटण.
- उठला आणि इतरांत मिसळून हरवला: डावं बटण. परत बसेल तेव्हा कुणीतरी म्हणून मोजला जाईलच.

दर दहा मिनिटांनी दोन्ही आकडे मोठ्यानं बोलून रेकॉर्ड करा, पण काउंटर शून्य करू नका. घरी प्रत्येक आकड्यातनं मागचा वजा करून वहीत मांडलं की असं दिसतं (आकडे समजायला घेतलेत):

६.०० ते ६.१०: बसले ४, उठले ०
६.१० ते ६.२०: बसले ९, उठले २
६.२० ते ६.३०: बसले १४, उठले ३
६.३० ते ६.४०: बसले ११, उठले १
६.४० ते ६.५०: बसले ३, उठले ०

बसले ४१, उठले ६, म्हणजे मुक्कामी ३५. याच संध्याकाळी दिसेल तो पक्षी मोजणारा माणूस सहज सत्तर-ऐंशी लिहितो, कारण एकच पक्षी खाली उतरायच्या आधी तुमच्यासमोरनं चार-पाच वेळा जातो. पहिल्या वर्षी मी स्वतः हेच केलं आणि अख्ख्या हंगामाची वही बाजूला ठेवावी लागली, त्याचं अजून वाईट वाटतं.

सगळे एकदम उठले तर. कुत्रं आलं, मोटारसायकल गेली, वरनं मोठा गरुड गेला की पूर्ण मुक्काम हवेत उठतो. घाबरून बटणं दाबत सुटू नका. थांबा. हवेतले एकदम मोजा, डावीकडनं उजवीकडं, पाच-पाचच्या गटानं, जमलं तर दोनदा. वेळ आणि आकडा बोला. मग काउंटरचा तोपर्यंतचा आकडा पण बोला, शून्य करा आणि पक्षी परत उतरायला लागतील तसं नव्यानं सुरू करा. त्या संध्याकाळचा आकडा हा नवा धरायचा, आधीचा त्यात मिळवायचा नाही. तुमच्या आधीच्या मोजणीत आणि हवेतल्या आकड्यात फार फरक असेल तर त्यातनं तुमची चूक किती होतीय ते कळतं, त्यामुळं वाईट वाटून न घेता लिहून ठेवा. फक्त मुद्दाम उठवायचं मात्र कधीच नाही, टाळ्या वाजवून, दगड मारून, गाडी नेऊन, कशानंच नाही. दिवसभर उडालेला पक्षी आहे, थोड्या दिवसांत हजारो किलोमीटर जायचंय त्याला.

तपासा: अंधार पडल्यावर लगेच गाडी सुरू करू नका. हेडलाईट मुक्कामावर जाणार नाही अशी गाडी आधीच वळवून लावलेली हवी.

## ७. जाती ओळखताना

आपल्या माळावर तीन जाती धरून चालायचं. मार्श हॅरियर अंगानं भारी, रुंद पंखांचा, मादी गडद तपकिरी आणि डोकं पिवळसर, कमरेवर पांढरा पट्टा नाही. पॅलिडचा नर एकदम फिकट, पंखाच्या टोकाला काळी पाचर. माँटेग्यूचा नर त्यापेक्षा गडद राखाडी, पंखावर मधनं एक काळी रेघ आणि पोटावर तांबूस रेघोट्या.

खरी अडचण पॅलिड आणि माँटेग्यूच्या माद्या आणि पिल्लांची. दोन्ही तपकिरी, दोन्हींच्या कमरेवर पांढरा पट्टा. पॅलिडच्या मानेभोवती फिकट कॉलर आणि त्यामागं गडद पट्टा असतो, पण हे उजेड चांगला असेल आणि पक्षी जवळनं गेला तरच दिसतं. सूर्यास्तानंतर ते ओळखल्याचा दावा करू नका. वहीत सरळ "रिंगटेल" असा रकाना ठेवा आणि त्यात टाका. रिंगटेलचा रकाना सगळ्यात मोठा असणं हे चांगल्या मोजणीचं लक्षण आहे. मी तर एखाद्या वहीत सगळ्या पक्ष्यांपुढं जात लिहिलेली दिसली की ती वही बाजूलाच ठेवतो.

नर वेगळे लिहिणं मात्र सोडू नका. माँटेग्यूचे नर माद्यांच्या थोडे आधी परततात, त्यामुळं मार्चमध्ये राखाडी पक्षी कमी होत जाणं ही परतीची पहिली खूण मिळू शकते.

फसवणारे पक्षी: कापशी घार राखाडी असते आणि लांबनं नर हॅरियर वाटते, पण ती एका जागी पंख फडफडत थांबते आणि रात्री झाडावर जाते. शॉर्ट-इअर्ड घुबड मात्र खरं फसवतं. ते दिवसभर याच गवतात बसलेलं असतं आणि संध्याकाळी बाहेर पडतं, उडणं पण हॅरियरसारखंच. डोकं मोठं, मान नाहीच, पंखाची हालचाल सावकाश. ते चुकून "उठला" मध्ये गेलं तर तुमचा आकडा कमी होतो. अंधारात गवतातनं उठलेला रातवा पण असाच.

## ८. सकाळची पडताळणी

महिन्यातनं एकदा तरी संध्याकाळी मोजलेलाच मुक्काम दुसऱ्या दिवशी सकाळी मोजा. मार्चच्या सुरुवातीला सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो, तुम्ही पावणेसहाला जागेवर. सकाळी ते घिरट्या फार घालत नाहीत, उठतात आणि जातात, त्यामुळं फक्त हद्द ओलांडणारे मोजायचे.

सकाळचा आकडा थोडा जास्त येणं साहजिक आहे, अंधारात उतरलेले त्यात येतात. पण ३५ च्या जागी सकाळी ५० निघाले तर संध्याकाळी तुम्ही लवकर उठताय किंवा एक पूर्ण बाजू तुमच्या नजरेआड आहे, ती शोधा.

## ९. आठवड्याचं गणित

एक दिवस मोजून परतीबद्दल काहीच कळत नाही. दर रविवारी म्हणा, किंवा दर दहा दिवसांनी, पण ठरलेल्या दिवशी, त्याच जागेवरनं, त्याच हद्दीत, शक्यतो त्याच माणसानं. गड्डा झाल्यावर सुरू करून पाडव्याच्या पुढं दोन-तीन आठवडे. प्रत्येक वेळी वारा कुठनं आणि किती, ढग, धूळ, आणि काही गडबड झाली का ते लिहा.

आकडा अचानक निम्मा झाला की लगेच "पक्षी परत गेले" असं लिहू नका. आधी माळ बघा. गवत कापलंय का, कुणी पेटवलंय का, मेंढरांचा तळ पडलाय का. पक्षी चार-पाच किलोमीटरवरच्या दुसऱ्या गवतात गेलेले असू शकतात. म्हणूनच आसपासचे माहीत असलेले सगळे मुक्काम एकाच संध्याकाळी वेगवेगळ्या माणसांनी मोजायला हवेत. शनिवारी एक आणि रविवारी दुसरा मोजून बेरीज केली तर तेच पक्षी दोनदा येतात. चार माणसं नसतील तर एकच मुक्काम नीट मोजा, बेरीज करू नका.

ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट) टाकताना एका जागी बसून केलेली नोंद म्हणून टाका, वेळ खरी लिहा, उठले-बसले किती ते टिपणात द्या. मुक्कामाची अचूक जागा मात्र उघड करू नका, गावाच्या नावापर्यंत ठीक आहे. एकदा जागा फुटली की पुढच्या रविवारी कॅमेरे घेऊन लोक गवतात शिरलेले असतात, हे मी बघितलंय आणि तो मुक्काम त्या हंगामात परत भरला नाही.

## १०. शेवटच्या मोजण्या

एप्रिल उजाडला, उन्हाचा चटका वाढला आणि एखाद्या रविवारी एकही पक्षी उतरला नाही की लोक वही बंद करतात. त्यानंतर अजून दोन वेळा जा. दक्षिणेकडनं परतणारे उशिराचे पक्षी एखादी रात्र थांबून जातात आणि ते नेमके यातच सापडतात. कुणी आलं नाही तरी तारीख, बसल्याची आणि उठल्याची वेळ, वारा आणि पुढं ठळक शून्य, एवढं लिहूनच उठायचं. कोरं पान असेल तर तुम्ही गेला नव्हता की पक्षी नव्हते हे पुढच्या वर्षी तुम्हालाच सांगता येणार नाही.